सुनेच्या आडोशाला

दोन हजार चोवीस साल. मी सत्तरीचा. शाळा तिसरीपर्यंतच, पण लातुरात सरकी-पेंडीचं दुकान जन्मभर चालवलं अन् कुणाच्या पाठीमागं उभा राहिलो नाही.

मुलगा किनवटला आश्रमशाळेत नोकरीला. तो, इथं घरात सून अन् भोकरचे तिचे दोघे भाऊ रोज संध्याकाळी मोबाईलवर एकत्र खेळायचे. पाच जणांनी समोरच्या पाचांचे बुरूज पाडायचे, शेवटी गड फोडायचा. त्यांचा पाचवा गडी सोडून गेला तेव्हा मीच म्हणालो, मला घ्या.

मला धनुर्धारी दिला. लांबून मारणारा, अंगानं कागद. सुनेकडं दगडी अंगाचा मल्ल. त्यानं पुढं राहून मार खायचा. दहाही जण भिडले की धनुर्धाऱ्यानं मल्लाच्या आडोशाला, बाण पोचेल एवढ्याच अंतरावर थांबायचं. हे कळलं होतं, पटलं नव्हतं. घरचा वडीलधारा सुनेच्या आडून लढतो, हे कसं दिसतं? मी आपला पुढं. पुढं गेलो की मेलो.

त्यात आमच्या घरची रीत. सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. ती आत, मी ओसरीवर. खेळताना मोबाईलवर पाचही जणांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं, तरी ती किनवटला सांगायची, "अहो, मामांना म्हणावं मागं सरा." मग किनवटहून निरोप यायचा, "आबा, मागं सरा." तोवर आबा गेलेले असायचे.

एका रविवारी स्पर्धेचा सामना होता. तीन डाव. पहिला माझ्यापायी गेला.

"आक्का, तुझ्या सासऱ्याला बसव आता," धाकटा भाऊ म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं. "माझा दोस्त रिकामाच हाय."

"मी बसत न्हाई, पाव्हणं."

मग सून म्हणाली, "अहो, मामांना म्हणावं, खेळा. पण मी सांगते तिथंच राहायचं."

"त्याला कशाला सांगतीस? मला सांग की."

दुसऱ्या डावात मधल्या वाटेवर सगळे भिडले अन् आतून आवाज आला, "मामा, मागं! माझ्या पाठीला या. अजून मागं. आता हलू नका. मारा!"

मी हललो नाही. सगळा मार तिनं खाल्ला. मघाच्या डावात झाडीतून येऊन मला मारणारा त्यांचा जादूगार तिच्यावर धावला, तो मला पहिल्यांदा नीट दिसला. त्याला पाडला, मग बाकीचे. डाव आमचा.

तिसरा डाव गेला. धाकटा भाऊ एकाच्या मागं लागून एकटाच लांब गेला अन् मेला.

"पाव्हणं," मी म्हणालो, "आता तुम्हाला बसवायचं का?"

आधी सून हसली, मग सगळे. मला काढायचं पुन्हा कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून भिंतीकडं बघत म्हणाली, "चहा ठेवलाय म्हणावं." म्हणायला घरात तिसरं कुणी नव्हतं. मी मोबाईल घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी बसलो अन् विचारलं, "ती उजवीकडची झाडी दाखव. तिथं मी कुठं थांबू?"