पोटमाळ्याच्या नळाचा अर्ज

ओल्या सिमेंटचा वास आला की थेरगावच्या एका विधवा बाईंचा पोटमाळा आठवतो. भाडेकरू ठेवून घर चालवावे म्हणून त्यांनी तिथे मोरी, ओटा आणि बाहेरून लोखंडी जिना केला होता. "भाऊ, वेगळा नळ पायजे, एवढंच लिवा," महापालिकेच्या दारात अर्ज लिहून देणाऱ्या मला त्या म्हणाल्या. मी मात्र माझ्या लौकिकास साजेसे लिहिले, 'पोटमाळ्याचे स्वतंत्र निवासस्थानात रूपांतर केले असून'. महिन्याने त्या कागद घेऊन आल्या. "नळ मिळाला का, वाचा की." विनापरवाना बांधकाम पाडण्याची ती नोटीस होती, आणि तीत माझेच वाक्य जसेच्या तसे होते. मी नोटीस वाचून दाखवली. वाक्य कोणाचे, ते सांगितले नाही. "आता तुमीच लिवा भाऊ, तुमचं लई चांगलं असतंय." मी लिहिलेल्या त्या दुसऱ्या अर्जानेही मोरी, ओटा, जिना यांतले काहीच पाडण्यापासून वाचले नाही. माझ्या भाषेची वाहवा आजही होते. मला ती ऐकवत नाही.