फाट्यावरची डहाळी

मी इंग्लिश मीडियमची, मराठी लिहायला बिचकते. आणि असल्या गोष्टी कुणी सांगायला लागलं की मी सरळ मोबाईल काढून बसायचे... म्हणून हे वर्षभर कुणालाच सांगितलं नाही.

भोकरदनच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेत तीन दिवसांची ट्रेल रन, म्हणजे डोंगरवाटांवरून धावायची शर्यत, होती. मी आणि माझी मामेबहीण रेणू. मार्चचा पहिला आठवडा, दुसरा दिवस, सकाळचे साडेअकरा. वाट कळावी म्हणून झाडांना केशरी रिबिनी बांधलेल्या.

"तू ये कासवासारखी, मी पुढं होते. पाणी संपून राह्यलंय माझं," रेणू म्हणाली.

"माझ्यातलं घे ना."

"ठेव तुला. रडशील मंग!" आणि गेली.

तासाभराने मी एका फाट्यावर पोचले. रिबीन उजवीकडे. डावीकडच्या पायवाटेवर मात्र मोठा दगड, त्यावर लहान दगड, आणि मधे दाबलेली कडुलिंबाची हिरवी डहाळी, देठ त्याच पायवाटेच्या दिशेला. ही मामांच्या घरची खूण. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. कळप घेऊन पुढे गेलेला माणूस मागच्यासाठी अशी डहाळी ठेवायचा — देठ ज्या बाजूला, तिकडे तो गेला. आम्हा दोघींना ती लहानपणापासून माहीत.

पण रिबीन सोडायची? रेंज नाही, मागेपुढे कुणी नाही. पाच मिनिटं तिथेच उभी राहिले. मग डावीकडे वळले.

"रेणू!" हाका मारत गेले. वाट एका कोरड्या ओढ्यात उतरली. तिथे खडकाला टेकून ती बसली होती. डोळे उघडे, पण मला ओळखेना. अंग भाजत होतं आणि घामाचा थेंब नाही. असलं नसलं पाणी तिच्या डोक्यावर, मानेवर ओतलं आणि शिट्टी वाजवत राहिले. मागच्या दोघा रनर्सनी ती ऐकली, म्हणून तिला रस्त्यापर्यंत नेता आलं.

दवाखान्यात संध्याकाळी ती नीट बोलायला लागली. मी म्हटलं, "बरं झालं, खूण ठेवलीस."

"कसली खूण? मी फाट्यावर आल्तेच न्हाई."

तिच्या घड्याळात उमटलेला तिच्या वाटेचा नकाशा पाहिला. खरंच — पाणी शोधत ती फाट्याच्या बऱ्याच आधी, वरच्या अंगाने ओढ्यात उतरली होती.

वाटूरहून आलेले मामा पलंगाच्या पायाशी बसून ऐकत होते. "डहाळी कशाची व्हती म्हन्लीस?"

"कडुलिंबाची."

"तिथं वर लिंब न्हाई, माय. लिंब खाली गावात."

"पप्पा, तिला झाडं कुठं कळतेत? सगळी सारखीच," रेणू हसली.

मामा हसले नाहीत. रेणूच्या पायांवरची चादर उगाच नीट करत राहिले.

कुणा मेंढपाळाने ठेवली असेल, असं मी स्वतःला समजावते. पण मग देठ नेमका रेणूकडेच कसा? मला खरंच माहीत नाही.