तुळशीतली तार

अन्याय झाला तो माझ्या आईवर. चैत्रातल्या एका गुरुवारी, संध्याकाळी सव्वासात ते साडेसात. त्या पंधरा मिनिटांत तिची धाकटी बहीण पुण्याहून रेडिओवर गाणार होती. पाच वर्षांत दोघींची भेट नव्हती. पुणे कुठे, आमचं बंगळूर कुठे.

मी तेव्हा नऊ वर्षांची. घरात आम्ही तिघंच. रेडिओला दोन तारा होत्या: एक छपरावर दोन बांबूंना ताणलेली, दुसरी जमिनीत पुरलेली. "माती कायम ओली पाहिजे, नाहीतर लांबचं स्टेशन येत नाही," असं चिकपेटेतल्या दुकानदाराने बजावलं होतं. म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती तार तुळशीच्या बुडाशी पुरली. आई रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची. प्रश्न मिटला.

त्या आठवड्यात आई बाजूला बसली. मागच्या पडवीत, चटईवर. स्वयंपाकघर बंद, तुळस बंद, रेडिओला हात लावणंही बंद. अण्णांनी चार दिवस भात शिजवला, त्याचं कौतुक शेजारणीकडून ऐकूनही घेतलं. तुळशीला पाणी मात्र त्यांनी घातलं नाही. मीही नाही.

गुरुवार चौथा दिवस. मावशीचं नाव घोषित झालं आणि खरखर सुरू झाली. अण्णा शिडीने छपरावर, मी रेडिओपाशी.

"आलं का?"

"स्वल्प आलं. गेलं."

"आता?"

"नाही अण्णा."

पडवीतून आई म्हणाली, "अहो, तुळशीपाशी बघा ना. माती वाळली असेल."

"तू गप्प बस तिथे. तारेतलं तुला काय कळतंय?"

अण्णांनी बांबू चारी दिशांना फिरवला. साडेसात वाजले.

पाचव्या दिवशी आई न्हाली, तुळशीला पाणी घातलं. संध्याकाळी पुणे असं आलं की जणू शेजारच्या खोलीत कुणी बोलतंय. बाजारभाव सांगत होते. अण्णांनी तुळशीपाशी जाऊन ओली माती बोटाने दाबून पाहिली. मग म्हणाले, "काही ऐकलंस का गं तिचं?"

"सुरुवातीचा आलाप. तेवढ्यात ओळखलं. सर्दी झाली होती तिला."

पुढच्या महिन्यात आई पडवीत गेली, तेव्हा अण्णांनी तांब्या स्वतः उचलला. रेडिओ मागच्या खिडकीत आणून ठेवला आणि रोज विचारायचे, "सरी ना? ठीक ना? येतंय ना ऐकू?" मावशीचं गाणं मात्र पुन्हा लागलं नाही.

अण्णा मायाळू होते, हे मी शपथेवर सांगेन. पण मायाळू माणसाने तांब्या उचलला आणि चटई तिथेच ठेवली. मोठी झाल्यावर मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

आता तुम्ही ऐका. तुमच्या घरात आज कुणी पडवीत बसली असेल, तर हा कागद खाली ठेवा. तिची चटई गुंडाळा, तिला आत बोलवा, आणि ती काय सांगत होती ते पुन्हा विचारा.