मशीनबाबाचे अमेरिकेतले वारस

“पळून गेला असेल हो तो! दुसरं घर केलं असेल इकडे,” आमचे साहेब म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले.

नशीब माझं, समोरच्या बाईंना मराठी येत नव्हतं. त्या अमेरिकेहून धुळ्याला आल्या होत्या, आणि नेमकं हेच वाक्य त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या बोललं जात होतं.

बाईंचं नाव रूथ. घराणं जुनं, अमेरिकेवरही इंग्रजांचं राज्य होतं तेव्हापासूनचं. तिकडे घराण्याचा वंशवृक्ष मांडायचा तर प्रत्येक पिढीचा पुरावा लागतो. जन्माचा, लग्नाचा, मृत्यूचा. कागद नसेल तर कबरीवरचा दगडही चालतो. रूथबाईंनी वरपासून खालपर्यंत सगळं जुळवलं होतं. अडलं होतं ते पणजोबापाशी. हा थॉमस कापसातून सरकी काढायची मशीनं, म्हणजे जिन, बसवायला खानदेशात आला आणि त्याची पत्रं बंद झाली. तिकडे बायकोच्या कडेवर तान्हं पोर. शेवटी घरच्यांनी ठरवून टाकलं, गडी पळाला.

रूथबाईंचे वडील अंथरुणाला खिळले होते. ‘माझा आजा बायकोपोराला टाकून गेला की मेला, एवढं मला कळू दे,’ म्हणून त्यांनी लेकीला पाठवलं होतं. बाई चर्चमधल्या दफनाच्या नोंदी बघून आल्या होत्या. थॉमसचं नाव कुठेच नाही.

मी तेव्हा धुळ्याच्या जमीनमोजणी खात्यात होते; जुन्या कागदांच्या आशेने बाई तिथे आल्या होत्या. ऐंशीचं दशक चाललं होतं. साहेबांचं ते वाक्य ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “साहेब, चर्चपर्यंत न्यायला माणूस तरी लागतो ना? वाटेत मेला असेल तर?”

“मग शोधा तुम्ही. तुम्हाला हौस दांडगी.”

हौस होतीच! पूर्वी अख्खा खानदेश मिळून एकच जिल्हा होता आणि मुख्य ठिकाण धुळे, त्यामुळे जुने गावनकाशे आमच्याकडे होते. गावनकाशात शेतांच्या हद्दी असतात आणि ज्या वस्तू जागा सोडत नाहीत त्या असतात. विहीर, देऊळ, कबर. जिथे जिथे जुनी जिन होती त्या गावांचे नकाशे मी काढले. धुळीने शिंकून शिंकून जीव गेला. चाळीसगावजवळच्या एका गावाच्या नकाशात, शेताच्या कोपऱ्यात, जवळपास ना मिशन ना चर्च, आणि एकटाच क्रॉस, म्हणजे ख्रिस्ती कबरीची खूण, दिसला. मी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या क्लार्कच्या हातातला पेन पडला.

साहेब म्हणाले, “एक दिवस जा. जीप मिळणार नाही.”

नसू दे! चाळीसगावची पॅसेंजर होती की. पुढे बैलगाडी. रूथबाई वाटेत सारख्या विचारत होत्या, “शुअर?” आणि मी छातीठोकपणे सांगत होते, “हंड्रेड परसेंट.” आणि दर मैलाला पिशवीतला नकाशा पुन्हा उघडून बघत होते.

शेतात गेलो तर कबर कुठे दिसेना. नकाशातल्या क्रॉसच्या जागी, कडुनिंबाखाली शेंदराने माखलेला उभा दगड, पुढे नारळ, नैवेद्याची पत्रावळ, कापसाची बोंडं आणि चक्क मशीन ऑइलचा डबा. शेताचे मालक, आबा म्हणायचे सगळे त्यांना, हात जोडून अहिराणीत म्हणाले, “हाऊ आमना मशीनबाबा.” गावात नवीन मोटारपंप आला की आधी इथे नारळ फुटायचा, मगच बटन दाबलं जायचं.

अक्षरं असलीच तर त्या शेंदराखाली. बोटभर जाड थर! मी म्हटलं, “आबा, एवढा शेंदूर काढू द्या.”

“देव शे तो! देवले कोनी खरवडस का? बठ्ठं गाव माले काय म्हनी?” सगळ्या गावाची धास्ती होती त्यांना.

“ही त्याच्या घरची आहे हो.”

“कशावरून?”

घ्या! पुरावा शेंदराखाली, आणि शेंदूर काढायला पुरावा पाहिजे. सरकारी नोकरीत मी बरंच पाहिलं होतं, पण असा पेच नव्हता पाहिला. तोवर निम्मं गाव गोळा झालं.

आबांनी रूथबाईंना निरखून पाहिलं. मग मला म्हणाले, “हिले इचार, तेना हातमा काय कमी व्हतं?”

माझं इंग्रजी फायलीतलं. कसंबसं विचारलं. बाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. उजवा हात वर केला आणि मधली दोन बोटं मिटून घेतली. लग्नाच्या फोटोत तसाच हात आहे म्हणाल्या. अमेरिकेतल्याच कारखान्यात बोटं गेली होती.

गर्दीतून “अगो माय!” ऐकू आलं. आबांनी दगडापुढच्या शेंदराच्या वाटीत हात घातला. मधली दोन बोटं मिटून, उरलेल्या तीन बोटांनी त्यांनी शेंदूर उचलला. त्यांच्या घरात बाबाला शेंदूर लावायची हीच रीत होती, बापाने शिकवलेली.

“घरनी शे ही,” आबा गावाकडे वळून म्हणाले. “घरनीले कोन अडावस?”

मग काय, कोमट तेल आलं, काथ्या आला, आणि घासायचा पहिला मान रूथबाईंना. मऊ झालेला शेंदूर गोळ्यागोळ्यांनी सुटू लागला. आधी थॉमसचं नाव. मग ‘कॉलऱ्याने मृत्यू’. खाली ‘हॅनाचा पती’. हॅना म्हणजे तिकडे वाट पाहत बसलेली त्याची बायको. बाईंनी त्या नावावर कपाळ टेकलं आणि त्या हमसून हमसून रडल्या. मीही रडले. का नाही रडायचं?

आबांनी वाडवडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. गावात पटकी आली, म्हणजे कॉलराच. जिनवरचे बाकीचे परके लोक निघून गेले. हा आजाऱ्यांना पाणी पाजत राहिला आणि त्यातच गेला. पटकी सरल्यावर जिनवाल्यांनी परत येऊन दगड बसवला; घरी पत्र मात्र बहुधा पोचलंच नाही.

अक्षरं उघडी ठेवायची आणि बाकी दगडाला पुन्हा शेंदूर लावायचा, असं गावाने ठरवलं. दगडाचे फोटो काढून आम्ही चाळीसगावला आलो आणि अमेरिकेला ट्रंककॉल लावला. बाई वडिलांशी बोलताना मधेच मला म्हणाल्या, “आपण निघताना आबा तुमच्या कानात काय म्हणाले ते डॅडींना सांगायचंय.”

मी सांगितलं. आबा म्हणाले होते, “हिना बापले सांग, तुना आज्याले आम्हीन एक वरीस बी उपाशी ठेवं नही.”

बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. पलीकडून म्हातारा मोठ्याने रडल्याचा आवाज आला, आणि ठरलेली मिनिटं संपली तरी ऑपरेटरनेही लाइन तोडली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, “सापडला का पळपुटा?” मी दगडाचे फोटो धुवायला टाकल्याची पावती त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, “साहेब, नोंद नाही म्हणजे फक्त नोंद नाही. त्याच्यापुढे आपण मनाने ‘पळाला’ लिहू नये.”