मोघे काकांचा डावा हात

नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, गढ्याच्या कॉलनीत नवीन भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यातच मला विचारायचा, "दीदी, वो अंकल सुबह-सुबह मैदान में क्या करते हैं?" अंकल म्हणजे आमच्या शेजारचे मोघे काका. सकाळी ते मैदानाच्या मधोमध उभे असायचे. हातात लांब, लवचीक काठी आणि तिला पोपटी दोरी. काठी मागे जायची, दोरी पाठीमागे हवेत उलगडायची, काका क्षणभर थांबायचे आणि मग दोरी पुढे येऊन गवतात ठेवलेल्या स्टीलच्या ताटलीजवळ अलगद पडायची. मी सांगायचे, "मछली पकड़ते हैं." भाडेकरू एकदा कोरड्या मैदानाकडे बघायचा, एकदा माझ्याकडे, आणि पुढे माझ्याशी जरा बेतानेच बोलायचा.

काका गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. मैदानात हल्ली मुलं क्रिकेट खेळतात आणि मला ते उगीचच आवडत नाही.

नोकरीत असताना काका कारखान्याच्या तपासणी विभागात होते. एकदा एलटीसीच्या प्रवास-सवलतीवर हिमाचलला गेले आणि तिथे बर्फ वितळू लागलेल्या नदीत एक म्हातारा ट्राउट मासे पकडताना त्यांना दिसला. गळाला आमिष नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी. ती पाण्यावर उतरते आणि मासा तिला खरी समजून वर येतो. काकूंना देवळात जायचं होतं, हे तिथेच खिळले. "बाकी लोक गळ टाकून वाट पाहतात. तो माणूस माशाला पटवून राहिला होता," असं ते त्यानंतर कित्येक वर्षं सांगत. निवृत्त झाल्यावर मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले. माशीसाठी पिसं हवीत म्हणून बाजारातल्या कोंबडीवाल्यासमोर रांगेत उभे राहत. "भैया, मुर्गा नहीं चाहिए, सिर्फ गर्दन के पंख." जन्मात अंडंही न खाल्लेला हा माणूस! कोंबडीवाला त्यांना पंखवाले पंडितजी म्हणायचा, आणि काकांना त्या पदवीचा अभिमान होता.

सराव करायला नर्मदा होती, पण काकूंची अट होती. घाटावर गेलं की आपण मैयाच्या माशांना पिठाच्या गोळ्या खाऊ घालतो. त्यांच्याच तोंडात गळ अडकवायचा? "घरात मग मी राहणार नाही," काकू म्हणाल्या. काकांनी वाद घातला नाही. माशी बांधून झाली की पक्कडीने गळाचं टोक छाटून टाकायचे. तिलवारा घाटाच्या पुढे, गर्दीपासून दूर उभे राहून ती बोथट माशी फेकायचे. मासा येऊन ती तोंडात घ्यायचा, ओढायचा आणि थुंकून निघून जायचा. काका लगेच दोरी गुंडाळायचे. "हो म्हणाला ना तो? झालं. धरून काय करायचं?"

पण ट्राउटच्या बाबतीत एवढ्यावर त्यांचं भागणार नव्हतं. एक तरी ट्राउट, आपण बांधलेल्या माशीवर, आपल्या हाताने काढून परत पाण्यात सोडायची होती. वर्षानुवर्षं काही ना काही आडवं आलं. अखेर मार्चची तिकिटं झाली. तिथली हिवाळ्याची बंदी उठते आणि बर्फाचं पाणी नदीत उतरू लागतं तो काळ. त्या आधीच्या दिवाळीत काकांना पक्षाघाताचा झटका आला.

जीव वाचला, बोलणंही फारसं अडखळलं नाही, पण उजवा हात गेला. कोपरापासून थोडा हलायचा, मात्र पंजात ना ताकद ना संवेदना. चहाचा कप टेकला तरी चटका कळत नसे. संवेदना परत येईल की नाही हे सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काका दवाखान्यातून आले त्या दिवशी मी भेटायला गेले. तेच म्हणाले, "मीनल, उजवा रिटायर झाला. डाव्याची ऑर्डर काढा."

गंमत म्हणून म्हणाले असतील असं मला वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात ते मैदानात हजर! डाव्या हाताने पहिल्या दिवशी दोरी स्वतःच्या मानेभोवती गुंडाळून घेतली. दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या स्कूटरवाल्याच्या हेल्मेटला अडकली. दोरी ओढून घ्यायला दुसरा हात हवा, तो नाही. म्हणून मग दोरी दातांत धरायला लागले. काकू ओट्यावरून ओरडायच्या, "अहो, काहून असं करून राहिले? लोक काय म्हणतील?" काका दोरी दातांत असल्यामुळे उत्तर देऊ शकत नसत, आणि संसारात पहिल्यांदाच काकूंचं बोलणं पूर्ण होऊ लागलं.

मी एकदा म्हटलं, "काका, थोडा जोर लावा." त्यांनी दोरी तोंडातून काढली. "जोर लावूनच तर बिघडून राहिलं. मागं गेलेली दोरी पुरती उलगडू द्यायची. तेवढं थांबता आलं पाहिजे." आणि परत फेकली. त्यांचा चेहरा घामाने डबडबलेला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. संतापाचं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि त्यांचा फार अभिमानही वाटला.

त्यांच्या मुलाचा बंगलोरहून फोन आला: तिकिटं रद्द करा. काका म्हणाले, "अच्छा," आणि फोन ठेवून मला म्हणाले, "चलो, तू चल आमच्यासोबत. काकू एकटी मला सांभाळू शकत नाही." काकूंनी सुधारणा केली, "तू चल, नाहीतर मीच यांना पाण्यात ढकलीन." मी कॉलेजात रजा टाकली.

नदीच्या काठी अजून बर्फाचे मळके ढीग होते आणि त्यांच्याखालून पाणी ठिबकत होतं. नदी उथळ, स्वच्छ. नर्मदेसारखी भारदस्त नाही, सारखी बडबडणारी. आम्ही उतरलो होतो त्या घराचे मालक आमच्याबरोबर आले होते. काका गमबूट घालून काठाशी उभे राहिले. तास गेला, दुपार गेली. आणि मग त्यांची माशी एका खडकामागे उतरली, पाणी हललं, दोरी ताणली गेली. "घेतली!" मी किंचाळले. दोरी सैल पडली. घरमालकांनी माशी हातात घेऊन पाहिली. "अंकल जी, इसमें तो काँटा ही नहीं है."

पावसाळ्यात, हात चांगला असताना, काकांनी ट्राउटसाठी डबीभर माश्या बांधल्या होत्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने प्रत्येकीचं टोक छाटून ठेवलं होतं! मी हसू लागले. काकांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. घरमालक म्हणाले, "मेरी वाली ले लीजिए." काकांनी मान हलवली. "नहीं जी. उसको मेरी वाली पसंद आई थी."

दुसऱ्या दिवशी ते नदीवर गेलेच नाहीत. सामानात कोरे गळ होते. व्हरांड्यातल्या उन्हात एक गळ छोट्याशा वाइसच्या चिमट्यात आवळून डाव्या हाताने माशी बांधायला बसले. पीस निसटायचं, दोरा सुटायचा. ते पुन्हा सुरू करायचे. मी मदतीला सरसावले तर खेकसले. दुपार कलली तेव्हा काकू विणकाम बाजूला ठेवून उठल्या आणि त्यांनी दोऱ्याचं दुसरं टोक बोटांत धरलं. काका त्यांच्याकडे बघतच राहिले.

"तुझी अट?"

"ती मैयाच्या माशांसाठी. इथले इथल्या देवाचे. बांधा आता, माझे हात गारठून राहिले."

तिसऱ्या दिवशी दुपारची बस होती. वारा समोरून होता आणि काकांची दोरी पुनःपुन्हा काठावर येऊन पडत होती. मला घड्याळाकडे बघवेना. त्यांनी दातांतली दोरी सोडली, दोन श्वास घेतले, काठी मागे नेली आणि थांबले. इतका वेळ थांबले की मला वाटलं, आता हात दुखला. मग फेकली. माशी खडकामागे उतरली, पाणी फुटलं आणि काठी वाकली ती वाकलेलीच राहिली. काका दोरी दातांत घट्ट धरून एकेक पाऊल मागे सरकत आले, उथळ पाण्यापर्यंत. लाल ठिपक्यांची, वीतभर ट्राउट. काकू हात जोडून उभ्या होत्या. देवाला की माशाला, कोण जाणे.

काठी त्यांनी माझ्याकडे दिली. माशाला कोरड्या हाताने धरायचं नसतं, हात आधी भिजवायचा असतो. काका गुडघ्यांवर बसले आणि डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून पाण्यात ठेवला. मासा त्या तळव्यावर घेतला, डाव्या हाताने गळ सोडवला. मासा तिथेच थोडा वेळ कल्ले हलवत राहिला, मग निघून गेला. काका उठले नाहीत. डावा बाहेर काढला, उजवा हात तसाच पाण्यात.

"मीनल, पाणी कसं आहे बघ तर."

मी हात घातला आणि लगेच काढला. "बर्फ आहे काका!"

"हां," ते म्हणाले. "मलाही गारच लागून राहिलं."