चहाच्या पाण्यातले पाय

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. घरात विषय निघाला की उठून झाडांना पाणी घालायला जायचो. माझा मोठा भाऊ, अण्णा, जाऊन आता बराच काळ झाला, तरी माझ्या सासरची माणसं त्याची आठवण काढताना अजून नाकाला पदर लावून हसतात. म्हणून लिहितो. वास माझ्या पायांचा होता.

साठच्या दशकाची सुरुवात. आम्ही कानडी मुलखात, राजाजीनगरात राहायचो. अण्णा बसवर कंडक्टर, आणि मी यंत्रांच्या कारखान्यात नुकताच कायम झालेला. आमच्या घराण्यात कारखान्याचे बूट घालणारा मी पहिला. ते मी रोज इतके घासायचो की आई म्हणायची, आता आरसा विकत घ्यायला नको. आत नायलॉनचे मोजे. तेव्हाची ती नवी ऐट. जोड एकच, आणि तो सकाळपासून रात्रीपर्यंत पायात.

मुलगी पाहायला जयनगरला गेलो, तेही कारखान्यातून परस्पर, त्याच बुटांत. वडील नव्हते, म्हणून बोलणी करायला अण्णा आला, ड्यूटीवरून तसाच खाकीत. बूट दाराशी काढून आम्ही आत खुर्च्यांवर बसलो. जरा वेळाने मुलीच्या काकांनी खिडकी उघडली. मग त्यांनी हळूच विचारलं, कुठे उंदीर मेलाय का. मुलीच्या वडिलांची नजर आमच्या चार पायांवर येऊन थांबली. तेवढ्यात मुलगी उप्पिटाच्या बश्या घेऊन आली, आणि मला ती पाहताक्षणी आवडली. आता नकार आला तर तो माझ्या पायांमुळे येणार होता.

"अण्णा दिवसभर बसमध्ये उभा असतो," मी म्हणालो. "त्याचे पाय जरा..."

अण्णाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग स्वतःचे स्वच्छ पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"कंडक्टरचं काम," तो हसत म्हणाला. "स्वल्प सांभाळून घ्या."

मुलीच्या वडिलांनी मोठ्या मायेने त्याला उपाय सांगितला: कडक काळा चहा उकळायचा, कोमट झाला की त्यात पाय बुडवून बसायचं. अण्णाने मान डोलावून सगळं नीट ऐकून घेतलं.

परतताना तो रागावला नाही. बसथांब्यावर एवढंच म्हणाला, "बूट वरून चकाकवतोस. आतून कधी पाहिलास का?"

लग्न ठरलं, आणि मांडव पडेपर्यंतच्या मुदतीत अण्णाने माझे पाय सुधारले. रोज साबणाने बोटांच्या बेचक्यांतून धुवायचे, कोरडे होईपर्यंत पुसायचे, मग चहाचं पाणी. नायलॉन बंद, सुती मोजे, तेही रोज धुतलेले. बुटांचा दुसरा जोड घ्यायला लावला; एक पायात असताना दुसरा जीभ बाहेर ओढून उन्हात. लग्नाच्या मांडवात मी अनवाणी, छाती पुढे काढून बसलो. पुढे कारखान्यातले निम्मे लोक माझ्याकडे पायांचा उपाय विचारायला येत, आणि मी तो रुबाबात सांगे. आज नव्वदीला टेकलोय. माझ्या बुटात खुशाल नाक घालून पाहा.

पण माझ्या बायकोला वडिलांचा उपाय पाठ होता. नव्या सुनेने संध्याकाळी घमेलं आणून ठेवलं. "अण्णा, पाणी तयार आहे."

वहिनीला सगळं ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "बुडवा. घरात कुणाचे तरी पाय बरे व्हायलाच हवेत."

अण्णा बसला. वर्षभर रोज बसला, तळवे तांबूस होईपर्यंत. मी समोर पेपर वाचत असे. लग्नकार्यांत लोक म्हणत, अण्णांना दोन कप द्या, एक पायांना. तो सगळ्यांत मोठ्याने हसायचा. असा भाऊ मी दुसरा पाहिला नाही. तो माझा होता, याचा मला अजून अभिमान वाटतो.

शेवटच्या आजारात त्याचे पाय मीच धूत असे. बेचक्या पुसून कोरड्या करायचो, त्यानेच शिकवलं होतं तसं. एका दुपारी वाक्य ओठांवर आलं होतं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"पाणी फार गरम नाही ना?" मी विचारलं.

"सरी आहे, ठीक आहे," तो म्हणाला, आणि डोळे मिटले.

मला म्हणायचं होतं: अण्णा, त्या दिवशी पाय मी आत घ्यायला हवे होते. मला माफ कर.