चेन लावणारी

माझी थोरली दुपारचा डबा खाते की नाही, ही काळजी काही केल्या जात नाही. तिने बाहेरगावची पक्की नोकरी नाकारली, ही काळजी वेगळी. ती मी जेवणानंतर करते.

बॅगांच्या कारखान्यात ती मशीन दुरुस्त करायची. मालकाने कारखाना दुसऱ्या शहरात हलवला. जुनी आठ मशीनं न्यायचा खर्च त्याला परवडेना, म्हणून मशीनं इथेच राहिली. शिवणाऱ्या बायकांसारखीच.

थोरलीने आठजणी जमवल्या आणि तीच मशीनं घेऊन सायकल दुकानामागच्या खोलीत काम मांडलं. तेव्हा कळलं, अख्खी बॅग कुणालाच येत नाही. पंधरा वर्षं एकीने फक्त पट्टे शिवले, एकीने फक्त खिसे. पहिली बॅग तीन दिवसांनी झाली. खिसा झकास होता, तोंड मात्र शिवलेलं.

"चोराची पंचाईत," पट्टेवाली म्हणाली.

उद्योग कार्यालयातले साहेब पाहणीला आले. म्हणाले, "मोठा उद्योग आला की हा भाग सुधारेल."

"कधी येतोय?" थोरलीने विचारलं.

"प्रस्ताव आहे."

"मग तोवर खुर्ची जरा सरकवा, साहेब. पायाखाली आमचं कापड आहे."

आता शाळेने दोनशे दप्तरं सांगितली आहेत. सोमवारी नमुना पसंत पडला तरच काम मिळणार. आणि चेनवाली गेल्या आठवड्यात मालकाच्या नव्या कारखान्यात गेली. बाकीच्यांनी लावलेली चेन अर्ध्यावर अडते. थोरली म्हणते, "बघू." हा शब्द तिने वडिलांकडून घेतला. त्यांनीही कधी काही बघितलं नाही.

मालकाने बोलावलं तरी चेनवाली जायला तयार नव्हती. "मला इथंच बरं वाटतं हो, काकू," म्हणत होती. मीच तिला स्वयंपाकघरात बसवून, चहा देऊन सांगितलं, "अगं, हे चार दिवसांचं खूळ आहे. पक्कं काम सोडू नकोस." ती गेली की हे बंद पडेल आणि थोरली ती बाहेरगावची नोकरी धरेल, असा माझा हिशेब. बी.ए.ला मला अर्थशास्त्र होतं.

आज थोरलीने नमुना घरी आणला. "आई, तुझा हात हलका आहे. बघ ना जरा." मी चेन लावली. तीही अडली.

"जाऊ दे गं. तू तरी काय करणार!" असं म्हणून ती झोपायला गेली. डबा तसाच भरलेला होता.

चेनवालीची दुसरी पाळी आत्ता सुटली असेल. नंबर माझ्याकडे आहे. लावतेच. आधी माझं चुकलं हे सांगते, मग परत येतेस का विचारते.